वाऱ्याची नोंद

नव्या नियमांचा कागद हातात आला तेव्हा तिने तो तीनदा वाचला. पहिल्यांदा घाईघाईत, दुसऱ्यांदा नीट बसून आणि तिसऱ्यांदा केवळ एक कलम शोधायला. ते त्यात कुठेच नव्हतं.

खाडीवरचा तो उचलता पूल ती सोळा वर्षं चालवत होती. पुलाच्या मधल्या, वर उचलल्या जाणाऱ्या भागाला सगळे झडप म्हणत. बोट आली की तीन भोंगे द्यायची. मग ती रस्त्यावरचे दांडे खाली सोडायची, शेवटची सायकल पलीकडे गेल्याची खात्री करायची आणि खटका ओढायची. शंभरेक टनांची ती झडप पेटीचं झाकण उघडावं तशी वर जायची, बोट खालून निघून जायची, झडप पुन्हा जागेवर बसायची. सगळं मिळून सात-आठ मिनिटांचं काम. बोटीवाले तिला पूलवाली म्हणत आणि वायरलेसवर तिची चेष्टाही करत. कुणी म्हणायचं, पूलवालीचा चहा झाल्याशिवाय आपली वाट मोकळी होत नाही. ती म्हणायची, मग एक कप घेऊन या, लवकर होईल.

आता शेजारीच नवा पूल उभा राहत होता. उंच, न उचलता बोटी खालून जातील असा. त्याला सात महिने लागणार होते आणि तेवढ्या काळापुरते हे नियम होते. बांधकामाच्या ट्रकांना रस्ता मोकळा हवा, म्हणून पूल आता बोट येईल तेव्हा उघडायचा नाही. दिवसातून दोनदाच, सकाळी साडेदहाला आणि दुपारी चारला. तोवर जमलेल्या सगळ्या बोटींनी रांगेत थांबायचं, वेळ झाली की एकामागून एक जायचं. शेवटची बोट जाईपर्यंत झडप खाली आणायची नाही. पूल उघडायला नकार द्यायचा तर कारणं दोनच: वारा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल किंवा इंजिनियरने बिघाडाचा लेखी दाखला दिला असेल.

जुन्या नियमांत तिसरं कारण होतं. चालकाला असुरक्षित वाटलं तर त्याने पूल उघडू नये. तेवढंच वाक्य काढून टाकलेलं होतं.

सकाळची पाळी करणारे काका तिच्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांना ती म्हणाली, "काका, आपल्याला काही वाटायचं कलमच उडवलंय."

"बरं झालं," काका चष्मा पुसत म्हणाले. "मला तसंही सकाळी काही वाटत नाही. घरी गेल्यावर बायको सांगते, आता असं वाटू दे, तसं वाटू दे."

ती हसली, पण कागदाची घडी घालताना तिच्या मनात ते राहून गेलं.

पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी दुपारी रांगेत अकरा बोटी होत्या आणि झडप सदतीस मिनिटं उघडी राहिली. केबिनच्या खिडकीतून पाहिलं की झडपेचं टोक आणि त्याच्यामागे नव्या पुलाच्या खांबावर रंगवलेला पिवळा पट्टा एका रेषेत दिसायचे. झडप पूर्ण वर गेली तेव्हा टोक पट्ट्याच्या वरच्या कडेला होतं. अकरावी बोट गेली तेव्हा ते खालच्या कडेला आलेलं होतं. तिला वाटलं, आपलीच मान वाकडी झाली असेल. दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची जागची हलवली नाही आणि काचेवर खडूने खूण केली. अर्ध्या तासात टोक खुणेपासून चार बोटं खाली आलं होतं.

झडप आपणहून उतरत होती. वर गेल्यावर तिला धरून ठेवायचा तो ब्रेक, आणि तो ब्रेक आयुष्यभर सात-आठ मिनिटं धरायला शिकलेला. आता त्याला पाऊण तास धरायला लावत होते. त्यात बांधकामवाल्यांनी झडपेच्या पोटाला एक तात्पुरती पाण्याची पाइपलाइन आणि केबलचा जाड जुडगा लटकवलेला. मागच्या बाजूला तोलाचं वजन होतं ते जुनंच. पुढची बाजू मात्र जड झालेली.

तिने नोंदवहीत लिहिलं: झडप उघड्या स्थितीत खाली सरकते, ब्रेक तपासावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. अशा सात नोंदी झाल्यावर प्रकल्पाचे साहेब एकदा आले. माणूस वाईट नव्हता. शर्टावर सिमेंटचे डाग, डोळ्यांखाली काळं. पण आले ते दुपारी दोनला, झडप खाली बसलेली असताना.

"चार बोटं म्हणजे किती मिलिमीटर?" त्यांनी विचारलं.

"मी काचेवर मोजली साहेब. तिकडे टोकाला जास्तच असणार."

"हे असं लिहून कसं चालेल?" त्यांनी वही मिटली. "ब्रेक बदलायचा म्हणजे पूल दोन महिने बंद ठेवायचा. नव्या पुलाचे खांब बार्जवरून येतात, आणि बार्ज ह्याच पुलाखालून येतात. मी हा बंद केला तर तो होणार कसा? सात महिने काढायचेत फक्त. त्यानंतर हे सगळं भंगारात."

"सात महिने ते धरेल का, एवढंच विचारतेय."

"सत्तर वर्षं धरलंय," साहेब म्हणाले आणि जिना उतरून गेले.

ते बिनइंजिनाचे सपाट बार्ज ओढून आणायचा तो तिचा मेहुणा होता, तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो टगवर, म्हणजे बार्ज ओढणाऱ्या बोटीवर, सारंग होता; सुकाणू त्याच्या हातात. तिन्ही माणसं एकाच घरात राहत, ती वरच्या मजल्यावर, ती दोघं खाली. जेवण एकत्र. त्या संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या ती त्याला म्हणाली, "पुलाखालून जाताना जरा वेगात जात जा."

"ताई, बार्जला वेग असता तर काय हवं होतं," तो म्हणाला. "त्याच्या मनात येईल तेव्हा हलतो. तुमच्या बहिणीसारखाच."

धाकटीने त्याच्या ताटातली भाकरी उचलून परत टोपलीत टाकली, आणि तिघंही हसली. ब्रेकचं तिने त्याला नीट सांगितलं नाही. आपल्यालाच पूर्ण खात्री नाही आणि त्याला रोज तिथूनच जायचंय, असा विचार केला. पुढे तिला ह्या गप्प बसण्याचं फार वाईट वाटत राहिलं.

दोन आठवड्यांत चार बोटांची वीत झाली. ब्रेकच्या पेटीतून दात खाल्ल्यासारखा आवाज येऊ लागला. झडप वर असेपर्यंत तिची नजर खडूच्या खुणेवरून हलायची नाही. झडप खाली बसली की जिवात जीव यायचा आणि लगेच दुसऱ्या दिवशीची चारची वेळ डोळ्यांसमोर उभी राहायची.

एक दिवस दुपारी ती पाळीवर आली तेव्हा काका जिन्यातच उभे होते. एरवी डबा उचलून सरळ घरी जाणारा माणूस.

"सकाळी वास आला," ते हळू आवाजात म्हणाले. "जळल्याचा. ब्रेककडून."

"लिहिलंत?"

"तुझ्या सात नोंदींचं काय झालं ते बघितलंय मी. आठवी लिहून काय करू?" ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "वाऱ्याचं कारण मात्र ठेवलंय त्यांनी. काट्यावर किती वारा आहे ते आपणच बघतो आणि आपणच लिहितो."

ते गेले. तिने खिडकी उघडली. पाण्यावर एक सुरकुती नव्हती. क्रेनवर लावलेला झेंडा फडक्यासारखा लोंबत होता.

पावणेचारला रांगेत नऊ बोटी होत्या आणि सगळ्यात शेवटी सारंगाचा टग, मागे खांब लादलेला बार्ज. निम्म्या सोडून झडप खाली आणावी का, हाही विचार तिने केला. पण बोटी एकमेकींना चिकटून येत. मध्येच खाली आणायची तर कुणाच्या तरी डोक्यावर. चारला पाच कमी असताना तिने पेन उचललं आणि लिहिलं: वारा मर्यादेपेक्षा जास्त, पूल उघडता येत नाही. मग वायरलेसवर तेच सांगितलं.

मग सारंगाचा आवाज आला. कामावर असताना तो तिच्याशी परक्यासारखा बोले, पण आज विसरला. "ताई, वारा कुठंय? माझा धूर सरळ वर चाललाय."

"केबिनच्या काट्यावर आहे," ती म्हणाली.

"काट्यावर," तो म्हणाला. "बरं."

त्या एका 'बरं'मध्ये त्याला सगळं कळलं होतं असं तिला वाटलं. ओहोटी लागलीच होती. जड बार्ज घेऊन त्याला खाडीच्या मध्यात थांबता येणार नव्हतं आणि मागे वळायला बांधकामाने जागा ठेवली नव्हती. त्याने बार्ज तात्पुरत्या खांबांना बांधायला घेतला. खलाशी एकच आणि तोही नवखा, म्हणून सारंग स्वतः दोर धरायला गेला. पाण्याची ओढ वाढली, बार्ज फिरला, सैल असलेला दोर एका झटक्यात ताठ झाला. तिला दुर्बिणीतून फक्त एवढं दिसलं, की तो खाली बसला आणि त्याने डावा हात पोटाशी धरला. मग टगचा भोंगा वाजायला लागला तो थांबेचना.

दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्याशेजारचं.

दवाखान्याच्या बाकावर धाकटी बसली होती. चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या, ते तिच्या लक्षातही नव्हतं. "वारा होता ना गं ताई?" तिने विचारलं.

"नव्हता."

धाकटी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

चौकशी लागली. आदल्या दिवशी धाकटी जिना चढून वर आली, आत न येता दारातच उभी राहिली. "उद्या त्याला विचारतील, वारा होता का म्हणून. मी सांगते त्याला, होता म्हण. त्याची बोटं काही परत येत नाहीत. तुझी नोकरी तरी राहू दे."

खरं तर तिथेच नको म्हणायला हवं होतं. तिने हो म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. हातातलं पातेलं पुसत राहिली. धाकटी समजायचं ते समजून खाली गेली.

चौकशीची खोली लहान होती. टेबलामागे तीन अधिकारी, बाजूला प्रकल्पाचे साहेब, समोर खुर्चीत सारंग, हाताला कोपरापर्यंत बँडेज. वारा होता का, असं विचारल्यावर त्याने जमिनीकडे पाहिलं. मागे बसलेल्या धाकटीने पदराचं टोक मुठीत धरलं.

"नव्हता," तो म्हणाला. "पाणी काचेसारखं होतं."

साहेबांनी एक कागद पुढे केला. नव्या पुलाच्या क्रेनवर वारा मोजायचं यंत्र होतं आणि ते दर मिनिटाची नोंद ठेवत होतं. त्या दुपारी वारा नव्हताच. तेव्हा सारंग खोटं बोलला असता तरी उपयोग नव्हता, उलट तोही अडकला असता.

मग ती उभी राहिली. नोंद खोटी आहे हे तिने कबूल केलं आणि का केली तेही सांगितलं. ब्रेक, काचेवरची खूण, चार बोटं, वीत, आवाज, काहीही न गाळता. काकांचं नाव तेवढं घेतलं नाही. मधल्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे विचारलं, "बाई, ह्याच वहीत, ह्याच हाताने तुम्ही वाऱ्याची नोंद खोटी लिहिलीत. मग ब्रेकच्या नोंदी खऱ्या, हे आम्ही कशावरून मानायचं?"

सात खऱ्या नोंदी तिने एका खोट्या नोंदीने पुसून टाकल्या होत्या. ब्रेक अजून तोच होता, झडप अजून तीच होती, आणि आता तिचं म्हणणं ऐकणारं जगात कुणी उरलं नव्हतं. ती खाली बसली.

तिला कामावरून काढलं. दोन्ही पाळ्या काकांकडे आल्या.

बाहेर व्हरांड्यात सारंग तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो त्याने लपवला नाही. "चार बोटं म्हणता ती मोजायची कुठून?"

"झडपेचं टोक बघायचं, आणि मागच्या खांबावरचा पिवळा पट्टा. केबिनच्या खिडकीतून पट्ट्याच्या वरच्या कडेला असतं. पाण्यावरून वेगळं दिसेल. पण सरकलं तर सरकलेलं कळेल."

तो मान हलवून निघून गेला. घरात त्यानंतर ताटं वेगळी वाढली जाऊ लागली.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा टगवर गेला. त्या दिवशी साडेतीनलाच ती खाडीच्या काठावरच्या दगडी कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने धाकटी आली. जवळ नाही आली, दहा-बारा पावलं सोडून उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

चारला झडप उघडली. ती मनातल्या मनात मिनिटं मोजू लागली. पहिली बोट गेली, दुसरी गेली. विसाव्या मिनिटाला पाचवी. काठावरून पट्टा दिसत नव्हता, म्हणून तिला काहीच कळत नव्हतं, आणि ते कळण्यापेक्षाही वाईट होतं. तिसाव्या मिनिटाला सातवी बोट पलीकडे गेली. आठवा नंबर टगचा, सगळ्यात शेवटी.

टग पुलाच्या तोंडाशी आला आणि थांबला.

रस्त्यावर खोळंबलेल्या ट्रकांचे हॉर्न सुरू झाले. वायरलेसवर काका त्याला बोलावत होते, ये बाबा, थांबायचं नाही, नियम आहे. हे नंतर कळलं. सारंगाने उत्तर दिलं नाही. टगमागे पाणी उसळलं. तो बार्जसकट मागे रेटत होता, अगदी इंचाइंचाने.

"काय करतोय हा?" धाकटी म्हणाली. स्वतःशीच.

तेव्हा झडप खाली यायला लागली. सुरुवातीला इतकी सावकाश, की लोकांना वाटलं काका कंटाळले आणि त्यांनी खटका ओढला. काहींनी गाड्यासुद्धा सुरू केल्या. मग तिचा सावकाशपणा संपला. पाइपलाइन तुटून पाण्याचा लोट सुटला, ब्रेकच्या पेटीतून ठिणग्या आल्या आणि शंभर टनांचं लोखंड जागेवर आदळलं. पायाखालचा दगड हलला. आवाज ओसरल्यावर कुठेतरी काचा पडत राहिल्या होत्या, तेवढाच आवाज.

टगचं नाक झडपेपासून दोन हात मागे होतं.

धाकटी ती दहा-बारा पावलं कधी चालून आली ते दोघींनाही कळलं नाही. तिने बहिणीचा दंड इतका घट्ट धरला होता, की वळ पडले आणि ते तीन दिवस राहिले.

जिवाला कुणी मुकलं नाही. केबिनच्या सगळ्या काचा फुटल्या आणि काकांचा एक कान कायमचा गेला. पुलाचा कठडा वाकला, खांबाला तडा गेला. जुना पूल त्या दिवसापासून बंद झाला तो झालाच; बोटींची वाट मोकळी व्हावी म्हणून झडप कापून काढली. उरलेले पाच महिने दोन्ही काठांवरची माणसं लांबचा वळसा घालून येत-जात राहिली.

दुसरी चौकशी बसली. ब्रेकची पेटी उघडली तेव्हा आतलं अस्तर संपूर्ण झिजून गेलेलं होतं, लोखंडावर लोखंड घासत होतं. तिच्या सात नोंदी मोठ्याने वाचण्यात आल्या आणि त्या खऱ्या होत्या असं लिहिण्यात आलं. साहेबांची बदली झाली. तिची नोकरी मात्र परत मिळाली नाही. वाऱ्याची नोंद खोटी होती, ती अजूनही खोटीच होती, असं त्या मधल्या अधिकाऱ्याने तिला सांगितलं. ती त्याच्याशी वाद घालू शकली नाही, कारण त्याचं म्हणणं तिला पटत होतं.

एकदा भाजी निवडताना तिने सारंगाला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही थांबलात. माझं खरं वाटलं होतं का तुम्हाला?"

"नाही. तुमच्यावर रागच होता माझा. पण तुम्ही सांगितलेलं असताना वर न बघता तिथून जाता येईना. बघितलं, तर टोक खाली उतरत होतं."

एवढंच बोलून तो उठला. दोराचं काम त्याला आता जमत नसे, म्हणून त्याला किनाऱ्यावर गोदामात बसवलं होतं आणि ते काम त्याला मुळीच आवडत नव्हतं. घरी आला की गप्प असायचा. पाण्याकडे तोंड करून बसायचा. धाकटी बहिणीशी बोलायची, हसायचीही, ताटंही पुन्हा एकत्र वाढली जात होती. पण तो पाणी प्यायला डाव्या हाताने पेला उचलायला गेला आणि पेला घसरला, की दोघी बहिणी एकाच वेळी ताटात बघायच्या, आणि कुणीतरी पटकन दुसरं काहीतरी बोलायला लागायचं.